मार्गदर्शक रेषा (डीटीपी)

मार्गदर्शक रेषा किंवा गाइड म्हणजे डेस्कटॉप पब्लिशिंग (डीटीपी) आज्ञावलीत पानाची मांडणी करताना मजकूर, चित्रे व चौकटी एका सरळीत आणण्यासाठी वापरली जाणारी रेषा होय. ती पडद्यावर दिसते, पण सहसा छापली जात नाही. पेजमेकर, क्वार्कएक्सप्रेस, इनडिझाइन, स्क्रायबस इत्यादी आज्ञावल्यांत ही सोय आहे. मार्गदर्शक रेषेमुळे चौकटीची कड जुळते. चौकटीतील अक्षरे जुळतातच असे नाही. देवनागरी मजकुरात हा फरक विशेष जाणवतो.

पूर्वपीठिका

खिळ्यांच्या छपाईत ओळी सरळ ठेवण्याचे काम धातूच करीत असे. खिळे व ओळींमधील शिशाच्या पट्ट्या काटकोनी असल्यामुळे फर्मा घट्ट आवळला की मजकूर आपोआप सरळीत बसे. ऑफसेट छपाईसाठी मजकुराचे ब्रोमाइड कापून जाड कागदावर चिकटवण्याची पद्धत आली, तेव्हा हा आधार नाहीसा झाला. पेस्टिंग करणारा कारागीर टी-स्क्वेअर लावून फिकट निळ्या पेन्सिलीने रेषा आखून घेई. त्या पानाचे छायाचित्र ज्या फिल्मवर घेतले जाई, तिला फिकट निळा रंग पांढऱ्यासारखाच भासे. त्यामुळे रेषा छपाईत उमटत नसे. पडद्यावरची न छापली जाणारी रेषा ही या निळ्या पेन्सिलीचीच वारस आहे. १९८५ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी आलेल्या ऑल्डस पेजमेकरने पेस्टिंगच्या टेबलाचीच कल्पना पडद्यावर आणली. पानाभोवतीच्या मोकळ्या जागेला आजही पेस्टबोर्ड म्हणतात.

निर्मिती व प्रकार

पडद्याच्या वरच्या किंवा डाव्या कडेवरील पट्टीवरून (रूलर) माउसने ओढून रेषा पानावर आणता येते. समास व रकाने दाखवणाऱ्या रेषा मात्र पानाच्या रचनेतूनच तयार होतात. मास्टर पानावर आखलेली रेषा त्यावर आधारलेल्या सर्व पानांवर दिसते. पुस्तक किंवा नियतकालिकासाठी रेषा तेथेच आखणे सोयीचे ठरते.

अनेक रेषा एकदम हव्या असतील तर हाताने ओढण्यापेक्षा आकडे देणे चांगले. ए-४ पानाची रुंदी २१० मि.मी. असते. डावा व उजवा समास प्रत्येकी १५ मि.मी. ठेवला, तर मजकुरासाठी १८० मि.मी. उरतात. तीन रकाने व त्यांच्यामध्ये ६ मि.मी.च्या दोन फटी धरल्यास प्रत्येक रकाना ५६ मि.मी. रुंद होतो आणि उभ्या रेषा डाव्या कडेपासून १५, ७१, ७७, १३३, १३९ व १९५ मि.मी.वर येतात. इनडिझाइनमधील ‘क्रिएट गाइड्स’ ही आज्ञा हा हिशेब स्वतः करते. मात्र तेथे रेषा समासांच्या आत बसवायच्या की संपूर्ण पानावर, हे निवडावे लागते. संपूर्ण पान निवडल्यास रकाने ६६ मि.मी.चे होतात आणि समासांशी त्यांचा मेळ राहत नाही.

इनडिझाइनच्या सीएस-४ (२००८) आवृत्तीत स्मार्ट गाइड आले. एखादी चौकट हलवताना तिची कड किंवा मध्य दुसऱ्या चौकटीशी जुळला की ही रेषा क्षणभर उमटते. ती आखून ठेवावी लागत नाही, पण टिकतही नाही. एका पानापुरत्या जाहिरातीला ती पुरेशी असते. शंभर पानांच्या पुस्तकाची मांडणी तिच्या भरवशावर करू नये.

स्नॅप

चौकट रेषेच्या जवळ आली की ती रेषेला आपोआप चिकटते. याला स्नॅप म्हणतात. इनडिझाइनमध्ये हे अंतर पिक्सेलमध्ये मोजले जाते व मूळ मूल्य ४ पिक्सेल असते. हे पिक्सेल पडद्यावरचे असल्याने पान लहान करून पाहिले की तेवढ्याच पिक्सेलमध्ये कागदावरचे जास्त अंतर सामावते आणि चौकट लांबूनही रेषेकडे ओढली जाते. रेषा लपवल्यास त्यांना स्नॅप होत नाही. ग्रिड मात्र लपलेली असली तरी काम करते.

देवनागरीतील अडचण

रोमन अक्षरे तळरेषेवर (बेसलाइन) उभी असतात, तर देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लटकल्यासारखी दिसतात. वाचकाची नजर शिरोरेषा धरून चालते. वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार तिच्याही वर जातात. आज्ञावली मात्र ओळीची जागा तळरेषेवरूनच मोजते. इनडिझाइनमध्ये चौकटीतील पहिल्या ओळीचे मूळ सेटिंग ‘असेंट’ असते. त्यात रोमन लिपीतील लहान ‘डी’ अक्षराची उंची प्रमाण मानली जाते. ही उंची फॉन्टगणिक बदलते. म्हणून दोन चौकटी एकाच आडव्या रेषेला अचूक चिकटवूनही, फॉन्ट वेगळे असतील तर त्यांच्या शिरोरेषा वर-खाली दिसू शकतात. मराठी व इंग्रजी मथळे शेजारी असलेल्या द्विभाषिक निमंत्रणपत्रिकांत हा दोष सर्रास आढळतो.

यावर उपाय असा: ‘असेंट’ऐवजी ‘फिक्स्ड’ निवडून पहिल्या तळरेषेचे अंतर स्वतः ठरवावे, किंवा चौकटीची कड विसरून मार्गदर्शक रेषा थेट शिरोरेषेच्या वरच्या कडेवर आणावी व मोठ्या आकारात पाहून दुसरा मथळा तिच्याशी जुळवावा. फॉन्ट व आकार दोन्ही सारखे असतील, तेथे तळरेषा जुळल्या की शिरोरेषाही जुळतात. आकार वेगळे असल्यास दोहोंपैकी एकीचीच निवड करावी लागते.

शेजारच्या रकान्यांतील ओळी समोरासमोर आणण्यासाठी बेसलाइन ग्रिड वापरतात. पातळ कागदावर पाठपोट ओळी एकमेकींवर आल्याने मागची छपाई कमी जाणवते, हा तिचा आणखी एक लाभ. देवनागरीत मात्रा व उकार यांच्यासाठी ओळींमध्ये जास्त अंतर लागते, म्हणून ग्रिडचे अंतर आधीच सैल ठेवावे. ग्रिड १८ पॉइंटांची व परिच्छेदातील ओळींचे अंतर १९ पॉइंट असेल, तर प्रत्येक ओळ एक टप्पा सोडून पुढच्या टप्प्यावर बसते आणि ओळींमधील अंतर ३६ पॉइंट होते.

छपाई

इनडिझाइनच्या छपाईच्या चौकटीत व पीडीएफ तयार करताना दिसणाऱ्या रेषा छापण्याचा पर्याय असतो. तपासणीच्या प्रतीसाठी तो उपयोगी आहे. छापखान्याला अंतिम पीडीएफ देण्यापूर्वी तो बंद असल्याची खात्री करावी लागते.