बिल कुणाच्या नावाने?

मैत्रिणींनो, फोटो स्टुडिओ म्हटलं की डोळ्यांपुढे कॅमेरावाला उभा राहतो. आतल्या लाल दिव्याच्या खोलीत रोल धुणारी, प्रिंट काढणारी बाई कुणाला दिसत नाही. माझगावात आमच्या घरचा छोटा स्टुडिओ होता आणि ती बाई मी होते.

१९७८च्या लग्नसराईत यांना कावीळ झाली. गिऱ्हाइकांचे ॲडव्हान्स घेतलेले, रोल पडून आणि डार्करूमचं सामान संपलेलं. खरेदी नेहमी हेच करायचे. डॉकयार्ड रोडहून व्ही.टी. तिसरं स्टेशन, पण फोर्टातल्या त्या दुकानात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. गेले, तर पहिला प्रश्न, "साहेब नाही आले? उधारी त्यांच्याच सहीने मिळेल."

मी रोख पैसे काढले आणि यादी वाचली. डी-७६ डेव्हलपरसाठी लिटरमागे मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार २ ग्रॅम. शिवाय हायपो आणि ब्रोमाइड पेपर. त्याने कोपरे दमटलेलं पाकीट पुढे केलं, ते मी परत सरकवलं. तेव्हा कुठे त्याने मान वर करून पाहिलं!

हे ज्ञान पुस्तकातलं नव्हतं, हातातलं होतं. मेटॉल आधी विरघळवायचं, सल्फाइट मागाहून. उलट केलं तर मेटॉल नीट विरघळत नाही. द्रावण २० अंशांवर हवं, म्हणून मुंबईच्या उकाड्यात ट्रेखाली बर्फाची परात. मेटॉलने बोटांना खाज सुटते, म्हणून चिमटे आणि हातमोजे. आणि ही भांडी स्वयंपाकघरात कधीच न्यायची नाहीत.

होमाई व्यारावाला यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. २०११मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, पण सुरुवातीला त्यांचे फोटो पतीच्या नावाने छापून येत. एवढ्या मोठ्या बाईची ही गत, मग आपली काय कथा?

डिजिटल आलं आणि आमची डार्करूम बंद झाली. पण हल्ली काही मुली पुन्हा हौसेने फिल्मकडे वळताहेत. त्यांना माझं सांगणं, जुना एनलार्जर घेताना लेन्स उजेडात धरून बुरशी बघा. जुन्या पेपरची एक पट्टी अंधारातच, उजेड न दाखवता डेव्हलपर आणि हायपोतून काढा. करडी पडली तर पेपर गेलेला.

आणि ज्यांच्या घरी पिठाची गिरणी, शिलाईचं दुकान, खानावळ, काहीही असेल, त्यांनीसुद्धा घाऊक खरेदीला एकदा स्वतः जाऊन यावं. भाव विचारावा, माल पारखावा. यांची कावीळ दोन महिन्यांनी उतरली, पण फोर्टातली खरेदी पुढे माझ्याकडेच राहिली. दुसऱ्या खेपेपासून मी बिलावर माझं नाव घालायला लावलं. तुम्हीही लावा.