जुने गडी, नवा डाव : सनरायझर्स हैदराबादची घडामोड

२०१८ च्या दिवाळीच्या सुमारास सनरायझर्स हैदराबादने शिखर धवनला दिल्लीला दिलं आणि बदल्यात तीन जण घेतले : विजय शंकर, शाहबाज नदीम आणि अभिषेक शर्मा. पैशात मांडलं तर धवनची किंमत ५.२० कोटी, शंकर आणि नदीम प्रत्येकी ३.२० कोटी, आणि अभिषेक फक्त ५५ लाख. म्हणजे तिघे मिळून ६.९५ कोटी; वरचा फरक हैदराबादने भरला. या हिशेबात अभिषेक म्हणजे भाजीवाल्याने वरून टाकलेली कोथिंबीर. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

हा व्यवहार मला नीट कळला तो क्रिकेटमुळे नाही, तर बेसबॉलमुळे. अमेरिकेत याला अगदी रुळलेली पद्धत आहे. तिथे संघांच्या पगारावर कडक कमाल मर्यादा नाही. न्यूयॉर्कसारख्या मोठ्या शहरातल्या संघाला टीव्हीचा आणि तिकिटांचा पैसा भरपूर, आणि पिट्सबर्गसारख्या लहान बाजारपेठेतल्या संघाला तुटपुंजा. मग लहान संघ काय करतो? नावाजलेला, वयाने तिशीपलीकडे झुकलेला, महागडा खेळाडू श्रीमंत संघाला देतो आणि त्याच्या बदल्यात दोन-तीन कोवळी पोरं घेतो. दोन-चार वर्षं हरतो. हरण्याचाही फायदा असतो, कारण तळाच्या संघांना पुढच्या निवडीत आधी हात घालायला मिळतो (अलीकडे त्यात चिठ्ठ्या टाकण्याची पद्धत आली आहे). पोरं तयार झाली की संघ वर येतो. ह्यूस्टन अॅस्ट्रोज २०११, २०१२ आणि २०१३ या तीन हंगामांत अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने हरले, आणि २०१७ मध्ये विजेते झाले. त्या विजयाला पुढे प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याचा डाग लागला, ती गोष्ट वेगळी. ‘मनीबॉल’ सिनेमा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलाय. त्यातला ओकलंडचा संघ याच टंचाईतून डोकं लढवत होता.

आता हे हैदराबादला लागू होतं का? एका अर्थाने नाही. आयपीएलमध्ये सगळ्यांची पर्स सारखी : २०१८ ला ८० कोटी, २०२२ ला ९०, आणि २०२५ च्या हंगामासाठी १२० कोटी. प्रक्षेपणाच्या हक्कांचा मोठा वाटाही सगळ्या संघांत वाटला जातो. त्यामुळे मुंबई श्रीमंत आणि हैदराबाद गरीब असं कागदावर तरी नाही. तळाला राहिलात म्हणून लिलावात पहिली बोली तुमची, असंही नाही. हरून काही मिळत नाही, फक्त लोकांची बोलणी खावी लागतात.

पण खरा फरक वेगळ्याच ठिकाणी आहे. बेसबॉलमध्ये तयार केलेला पोरगा मुख्य लीगमध्ये आला की साधारण सहा वर्षं संघाच्या हातात राहतो. आपल्याकडे दर तीन-चार वर्षांनी महालिलाव येतो आणि मोजके खेळाडू सोडून सगळा संघ विस्कटतो. भाड्याच्या घराला आपण हौसेनं रंग द्यावा, आणि नेमका तेव्हा घरमालकाने करार संपवावा, तसं. अभिषेकचंच बघा. २०१९ ते २०२१ त्याला मोजकीच संधी मिळाली, म्हणजे वाढवण्याचा खर्च आणि धीर हैदराबादचा. २०२२ च्या लिलावात तो बाहेर गेला आणि त्याला परत घ्यायला ६.५० कोटी मोजावे लागले. २०२५ साठी राखायला १४ कोटी. कोथिंबीर सोन्याच्या भावाने.

आणि त्या मधल्या काळात धवन? दिल्लीसाठी २०१९ मध्ये ५२१ धावा, २०२० मध्ये ६१८, २०२१ मध्ये ५८७. दिल्ली २०२० ची फायनल खेळली. तीन वर्षं कुणीही हैदराबादवाल्यांना हसावं असा हा सौदा होता. अशा सौद्याचा निकाल पुढल्या हंगामात लावायचा नसतो, हे खरं; पण स्टेडियमचं तिकीट मात्र याच हंगामाचं काढावं लागतं.

मग आलं वॉर्नर प्रकरण. २०१६ ला ८४८ धावा करून, बंगळुरूत जाऊन, आठ धावांनी फायनल जिंकून देणारा कर्णधार. शिवाय २०१५, २०१७ आणि २०१९ ची ऑरेंज कॅप. तेलुगू गाण्यांवर बायकोपोरींसोबत नाचून त्याने हे शहर जिंकलं होतं. आमच्या गल्लीतल्या आज्यांनाही तो ‘आपला’ वाटायचा. २०२१ च्या हंगामाच्या मध्यात त्याचं कर्णधारपद गेलं, नंतर अकरातली जागाही गेली. संघ चौदापैकी तीनच सामने जिंकून तळाला राहिला. पुढच्या वर्षासाठी राखलेले तिघे : केन विल्यमसन १४ कोटी, अब्दुल समद आणि उमरान मलिक प्रत्येकी ४ कोटी. रशीद खान गेला. नव्या गुजरात संघाने त्याला १५ कोटींना घेतलं आणि पहिल्याच हंगामात कप उचलला.

समद-उमरानवर पैज लावणं ही अगदी बेसबॉलची पद्धत : स्वस्त, तरुण, वाढण्याची शक्यता मोठी. उमरानने २०२२ मध्ये २२ बळी घेतले, चेंडू १५७ च्या वेगाने टाकला, सगळा देश बघत राहिला. पुढच्या वर्षी पाच बळी. त्याच्या पुढच्या वर्षी एकच सामना. माझ्या मते पुनर्बांधणीचं सगळ्यात कडू सत्य हेच आहे : म्हाताऱ्याला सोडलंत तर काय गमावलं ते आकड्यांत दिसतं, पोराला धरलंत तर काय कमावलं ते कुणालाच माहीत नसतं.

२०२२ ला संघ आठवा, २०२३ ला दहापैकी दहावा. मध्ये विल्यमसनलाही सोडलं. हॅरी ब्रूकवर १३.२५ कोटी गेले, तोही एका हंगामात बाहेर. पण त्याच लिलावात हाइन्रिक क्लासेन ५.२५ कोटींना मिळाला होता, आणि त्याच्याकडे तेव्हा फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. २०२३ च्या डिसेंबरात पॅट कमिन्सला २०.५० कोटी, ट्रॅव्हिस हेडला ६.८० कोटी. मग काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. उप्पलला मुंबईविरुद्ध २७७, बंगळुरूत २८७, दिल्लीविरुद्ध पहिल्या सहा षटकांत बिनबाद १२५. अभिषेकने त्या हंगामात ४८४ धावा केल्या, शंभर चेंडूंना दोनशेहून जास्त या गतीने. फायनलला चेन्नईत ११३ वर सगळे बाद, आणि कप कोलकात्याला.

२०२५ साठी राखलेल्यांची यादी : क्लासेन २३, कमिन्स १८, हेड आणि अभिषेक १४-१४, नितीश कुमार रेड्डी ६. एकूण ७५ कोटी. यात भुवनेश्वर कुमार नाही. अकरा हंगाम! २०१६ आणि २०१७ ची पर्पल कॅप त्याची, २०१६ च्या कपात त्याचे २३ बळी. मला इथे मत्तयच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याचा दाखला आठवतो. सकाळपासून उन्हात राबलेल्यांना एक दीनार आणि संध्याकाळी आलेल्यांनाही एक दीनार. लहानपणी कॅटेकिझमच्या वर्गात मला तो मालक अन्यायी वाटायचा. पण निदान त्याने सकाळच्या मजुरांना ठरलेली मजुरी तरी दिली, दुसऱ्या मळ्यात पाठवलं नाही. भुवनेश्वरला बंगळुरूने १०.७५ कोटींना घेतलं आणि २०२५ चा कप बंगळुरूने जिंकला. हैदराबाद सहावं.

हिशेब म्हणून पाहिलं तर व्यवस्थापन चुकलं असं मी म्हणणार नाही. पस्तिशीकडे झुकलेला वेगवान गोलंदाज तीन वर्षांसाठी बांधून ठेवणं धोक्याचंच. पण त्या हिशेबात शहराचा रकाना कुठे आहे? इथे २००८ पासून दोन संघ झाले. डेक्कन चार्जर्सने २००९ ला कप जिंकला, पुढच्या महालिलावाआधी एकालाही राखलं नाही, आणि रोहित शर्मा मुंबईला गेला. २०१२ ला मालकांच्या पैशाच्या अडचणीत तो संघच बंद पडला. त्याआधी २००८ मध्ये व्ही. व्ही. एस. लक्ष्मणने ‘आयकॉन’चा मान आणि त्यासोबतचा जादा पैसा सोडला होता, का तर संघाला लिलावात चार पैसे जास्त हाती राहावेत. हैदराबादचा माणूस हैदराबादच्या संघासाठी असं करू शकतो. उलट दिशेने तसं घडलेलं मला दिसत नाही.

मोहम्मद सिराज याच शहरातला, रिक्षाचालकाचा मुलगा. सनरायझर्सने २०१७ ला त्याला २.६० कोटींना घेतलं, एका हंगामानंतर तो बंगळुरूला गेला. ६ एप्रिल २०२५ ला तो गुजरातच्या जर्सीत उप्पलला आला. हेडला पहिल्याच षटकात बाद केलं, मग अभिषेकला, आणि शेवटी १७ धावांत चार बळी. आमच्या घरात त्या रात्री दोन तट पडले होते. बाबा नारंगी टोपी घालून गप्प बसलेले, आणि आजी दर बळीला टाळ्या वाजवत होती : “अरे, आपलाच आहे ना तो!”