दिल्लीचा हिवाळा आणि घरातले कार्यालय

दिल्ली आणि तिच्याभोवतीच्या नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद, फरिदाबाद या शहरांत घरून काम करण्याची पद्धत मार्च २०२० च्या टाळेबंदीमुळे घरोघरी पोहोचली. परंतु महासाथ ओसरल्यावरही दर हिवाळ्यात तिची आठवण होते, याचे कारण येथील हवेत आहे. प्रदूषणाच्या तीव्रतेनुसार निर्बंध वाढवत नेणारी ‘ग्रॅप’ ही चार टप्प्यांची योजना २०१७ पासून या प्रदेशाला लागू आहे. हवेचा गुणवत्ता निर्देशांक, म्हणजे आठ प्रदूषकांच्या मोजमापावरून ठरणारा शून्य ते ५०० दरम्यानचा आकडा, ४०० च्या पुढे गेला, की सरकारांना निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून काम करण्यास सांगता येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली सरकारने आपल्या कार्यालयांना तसा आदेश दिला होता. रस्त्यावरील वाहने कमी करण्याचा हा हेतू रास्तच आहे. मात्र घरात बसलेला माणूस या हवेपासून सुरक्षित असतो, हा त्यातून पसरणारा समज खरा नाही.

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे कण दारे-खिडक्यांच्या फटींतून सहज आत येतात, आणि फोडणीचा धूर, उदबत्ती व डासांची कॉइल त्यांत भर घालतात. ‘हेपा’ प्रकारची दाट जाळी असलेले हवाशुद्धीकरण यंत्र हे कण अडवते, परंतु श्वासातून साचणारा कार्बन डायऑक्साइड ते काढू शकत नाही. त्यामुळे दिवसभर बंद ठेवलेल्या खोलीत डोके जड होते आणि झापड येते, ज्याचा दोष बहुधा कामाच्या कंटाळ्याला दिला जातो. खिडकी उघडायची ती दुपारी. हिवाळ्यातील रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची हवा तुलनेने उबदार राहते. या स्थितीला तापमानाची विपरीतता म्हणतात. ती झाकणासारखी बसून धूर खाली कोंडते आणि ऊन चढल्यावरच सैल होते, म्हणून दुपारची हवा बहुतेक दिवशी त्यातल्या त्यात बरी असते. याच कारणाने पहाटे फिरण्याची सवय, जी एरवी उत्तम, नोव्हेंबर ते जानेवारीत दिल्लीकरांनी मोडणेच हिताचे आहे.

थंडीत रजईत बसून मांडीवर लॅपटॉप घेणे येथे सर्रास दिसते. त्यात मान वाकते, कंबर आधाराविना राहते आणि पायांशी ठेवलेल्या हीटरने खोलीतील हवा कोरडी होऊन डोळे चुरचुरतात, कारण पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझापही कमी होते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर, कोपर काटकोनात आणि पाय जमिनीवर टेकलेले, एवढे साधले तरी पुष्कळ. कोळशाची अंगीठी मात्र बंद खोलीत कधीही ठेवू नये. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन व गंधहीन असल्याने झोपेतच जीव घेतो.

वेळेचा प्रश्न याहून अवघड आहे. गुरुग्राममधील अनेकांचे ग्राहक अमेरिकेत असतात, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर सुरू झालेले काम मध्यरात्रीपर्यंत लांबते, आणि त्याच घरात बाईच्या वाट्याला स्वयंपाक व मुलांचा अभ्यास असतो तो वेगळाच. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क कर्मचाऱ्याला असावा, यासाठी खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. कायदा होईपर्यंत घरातील माणसांनी कामाची जागा व सुटण्याची वेळ ठरवून घ्यावी, हे खरे. पण कर्मचाऱ्याला घरी पाठवल्याने ज्या संस्थेची जागा, वीज आणि वाहतूक वाचते, तिने त्याच्या खुर्चीचा आणि हवाशुद्धीकरण यंत्राचा खर्च उचलला पाहिजे.