डबीचे दात आणि हवेतला भुसा

दागिन्यांची छोटी लाकडी पेटी हातात घेतली की नजर आधी कोपऱ्यावर जाते. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत, तसे दोन फळ्यांचे दात तिथे बसलेले असतात. हा फिंगर जॉइंट. पूर्वी सुतार तो करवत आणि पटाशीने पाडत. आता संगणकावर आखणी केली की सीएनसी राउटर तो काही मिनिटांत कापतो. टेबलावर मावणारी ही यंत्रे वर्कशॉपमधून थेट घरातल्या खोलीत आली आहेत, आणि प्रश्न तिथूनच सुरू होतो.

आधी जोडाविषयी. लाकूड म्हणजे एकाच दिशेने रचलेल्या बारीक नळ्यांची मोळी. फळीच्या टोकाला नळ्यांची तोंडे उघडी असतात. तिथे लावलेला गोंद आत शोषला जातो आणि जोड कच्चा राहतो. दात पाडले की दातांच्या बाजूंना नळ्यांची कूस मिळते, आणि गोंद खरा धरतो तो तिथे. 60 मिमी उंच, 6 मिमी जाड फळ्या घेतल्या आणि 6 मिमीचे दात पाडले, तर अशी चिकटण्याची जागा सुमारे 324 चौरस मिमी मिळते. दात 3 मिमीचे केले तर तीच 684 होते. पण दात फार बारीक केले तर ते बसवतानाच मोडतात, प्लायवूडचे तर पापुद्रे निघतात.

यंत्राची एक जुनी अडचण आहे. फिरणारे बिट गोल असते, त्यामुळे फळी आडवी ठेवून कापली तर खाचेच्या आतला कोपरा काटकोनात येत नाही. 3 मिमीच्या बिटने तिथे दीड मिमी त्रिज्येची गोलाई उरते आणि समोरचा चौकोनी दात तळाशी टेकत नाही. काही जण कोपऱ्यात बिट जरा पुढे नेऊन छोटे भोक पाडतात. ते बाहेरून दिसते. काही जण फळी यंत्राच्या कडेला उभी आवळून टोकावरून खाच घेतात, मग कोपरा आपोआप काटकोनात येतो. थोड्याच डब्या करायच्या असतील तर पटाशी सर्वांत सोपी.

दुसरी मेख मापाची. 3 मिमी म्हणून घेतलेले बिट प्रत्यक्षात 2.9 मिमी भरले, तर प्रत्येक खाच 0.1 मिमी अरुंद आणि प्रत्येक दात तेवढाच रुंद होतो. दोन्ही मिळून 0.2 मिमीचा अडथळा, आणि हातोडीने ठोकले की फळी उभी चिरते. म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर कापून पाहायचे. दात हाताच्या दाबाने बसले पाहिजेत, कारण गोंदातल्या पाण्याने ते फुगणारच आहेत.

वेगाचे गणित मात्र नवशिक्यांना उलटे वाटते. बिट मिनिटाला 18,000 फेऱ्या घेत असेल, त्याला दोन धारा असतील आणि यंत्र मिनिटाला 1,800 मिमी सरकत असेल, तर प्रत्येक धार 0.05 मिमीचा तुकडा काढते. जपून कापू म्हणून सरकण्याचा वेग 360 वर आणला तर धारेच्या वाट्याला 0.01 मिमी येतो. मग धार कापण्याऐवजी घासते, लाकूड करपते आणि ढलप्यांऐवजी पीठ उडते. हे पीठच आरोग्याच्या दृष्टीने वाईट.

मोठा भुसा जमिनीवर पडतो, डोळ्यांना दिसतो, त्याची फारशी भीती नसते. दहा मायक्रॉनहून बारीक कण यंत्र बंद झाल्यावरही हवेत तरंगत राहतात. श्वासाबरोबर आत गेलेल्यांपैकी जाडे कण नाकात अडकतात, सर्वांत बारीक फुप्फुसात उतरतात. इंग्लंडमधील हाय विकम हे फर्निचरचे गाव. तिथल्या कामगारांमध्ये नाकाचा एक एरवी अत्यंत दुर्मीळ कर्करोग वारंवार आढळतो, हे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस्मे हॅडफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले आणि 1968 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ते प्रसिद्ध झाले. 1995 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला मानवात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. हा पुरावा प्रामुख्याने वर्षानुवर्षे धुळीत काम केलेल्यांचा आहे. महिन्याला दोन डब्या करणाऱ्याने धास्ती घेण्याचे कारण नाही. दमा असलेल्याला मात्र एक दुपारही पुरते. सागवान आणि शिसमाच्या भुशाने काहींच्या हातांवर, मानेवर पुरळ उठते. एमडीएफ स्वस्त आणि कापायला सोपे, पण त्यातल्या रेझिनमध्ये फॉर्माल्डिहाइड असते.

उपाय साधे आहेत. बिटभोवती ब्रशची टोपी लावून तिला व्हॅक्यूमची नळी जोडली तर बहुतेक धूळ उगमापाशीच ओढली जाते. व्हॅक्यूमला बारीक फिल्टर हवाच, नाहीतर तो मोठा भुसा पोटात ठेवतो आणि पीठ खोलीत परत सोडतो. तोंडाला बांधलेला रुमाल उपयोगाचा नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-95 मास्क हवा, आणि दाढी असेल तर तोही नीट बसत नाही. काम संपल्यावर हवेच्या फवाऱ्याने टेबल साफ करण्याची सवय सर्वत्र दिसते. त्याने खाली बसलेली धूळ पुन्हा नाकापाशी येते. ओल्या फडक्याने पुसणे बरे. झोपायच्या खोलीत हे यंत्र नकोच.

नाकाचा हा कर्करोग धूळ अंगावर घेतल्यानंतर काही दशकांनी दिसू शकतो. त्यामुळे लाकूडकाम सोडून वर्षे लोटली असली तरी एकाच नाकपुडीतून सतत अडथळा किंवा रक्त येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवताना आपण काय काम करत होतो आणि किती वर्षे, हे सांगायला हवे. डॉक्टर दरवेळी विचारतीलच असे नाही.