वाशी, पण कुठली?

पुण्यात बसून मोबाइलवर नुसतं ‘वाशी’ शोधा. खाडीपूल, मॉल, घाऊक बाजार, रेल्वे स्थानक, फ्लॅटचे भाव असं नवी मुंबईतल्या वाशीचं सगळं समोर येईल. धाराशिव जिल्ह्यातलं वाशी, जिथे तहसील आहे, पंचायत समिती आहे, सोयाबीनच्या हंगामात ट्रॅक्टरांची रांग लागते, ते दिसलंच तर बरंच खाली सरकल्यावर दिसतं. मग रोमन लिपीत प्रयत्न करावा. जनगणनेच्या कागदांत या गावाचं स्पेलिंग ‘डब्ल्यू’ने सुरू होतं. त्या स्पेलिंगने शोधलं तर जपान उगवतो. ‘वाशी’ म्हणजे तिकडचा हातकागद. युनेस्कोने 2014मध्ये त्याच्या कारागिरीला वारसा यादीत घेतलं, आणि त्या कागदाच्या रंगीत चिकटपट्ट्या जगभर विकल्या जातात. पुढे चुकून एक अक्षर जास्त पडलं तर थेट वाशीम.

तेव्हा इथल्या एखाद्या खवा-व्यापाऱ्याने, मंगल कार्यालयाच्या मालकाने किंवा रोपवाटिकेवाल्याने हौसेने वेबसाइट काढली, की समोर उभे ठाकतात सिडकोने वसवलेलं शहर आणि जपानी कागद. या दोघांना हरवणं शक्य नाही. सुदैवाने त्याची गरजही नाही.

शोधयंत्राचं काम ढोबळमानाने तीन टप्प्यांत चालतं. आधी त्याचे स्वयंचलित प्रोग्रॅम एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पानं गोळा करतात. मग त्या पानांतल्या शब्दांची भलीमोठी सूची तयार होते. कुणी काही विचारलं की त्या सूचीतून पानं निवडून त्यांचा क्रम लावला जातो. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1990च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात हा क्रम लावायची जी युक्ती काढली, ती संशोधन-निबंधांतल्या संदर्भांवरून सुचलेली होती. ज्या पानाकडे इतर पानं बोट दाखवतात ते वजनदार, आणि बोट दाखवणारा स्वतः वजनदार असेल तर आणखी वजनदार. गूगल आज त्याखेरीज इतर कितीतरी खुणा पाहतं, पण ही कल्पना अजून टिकून आहे. नवी मुंबईच्या वाशीबद्दल वर्तमानपत्रं, बांधकाम कंपन्या, रुग्णालयं, महाविद्यालयं वर्षानुवर्षं लिहीत आली आहेत. आपल्या वाशीबद्दल कोण लिहितं? यंत्र पक्षपाती नाही, त्याच्यापुढे जेवढं आलं तेवढंच ते मोजतं.

स्थानिक शोधासाठी मात्र गूगल स्वतःच तीन निकष सांगतं: विचारलेल्याशी किती जुळतं, विचारणारा किती अंतरावर आहे आणि ते ठिकाण किती नावाजलेलं आहे. प्रसिद्धीत आपण मागे आहोत. अंतर ग्राहकाच्या हातात. उरतं ते जुळणं, आणि ते पूर्णपणे लिहिणाऱ्याच्या हातात असतं.

आता एक गंमत पाहा. नावांच्या गोंधळावरचा उपाय आपल्याकडे फार जुना आहे. एकाच नावाची दोन गावं शेजारी आली की एकाला खुर्द आणि दुसऱ्याला बुद्रुक जोडून लोक मोकळे होतात. पत्र लिहिताना मु. पो., ता., जि. हा क्रम शाळेतच गिरवून घेतला जायचा. बाजारभावाच्या तक्त्यांत ‘कळंब (धाराशिव)’ अशी नोंद वाचणारा शेतकरी जाणतो की यवतमाळ जिल्ह्यातही एक कळंब आहे, म्हणून हा कंस. शोधयंत्रासाठी लिहिण्यातला अर्धा भाग एवढाच आहे. आणि नेमका तोच भाग वेबसाइटवर गायब असतो. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘आपले सहर्ष स्वागत आहे’, खाली हात जोडलेलं चित्र, त्याखाली ‘विश्वासाची परंपरा’. कुठल्या गावात, कसली परंपरा, हे शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक टाइपात.

पानाचं शीर्षक, म्हणजे शोधाच्या यादीत निळ्या अक्षरांत दिसतं ते, ही सगळ्यात महाग जागा. मोबाइलवर तिथले सुरुवातीचे मोजके शब्दच दिसतात. ते ‘मुख्यपृष्ठ’ या शब्दावर घालवणाऱ्यांची संख्या पाहिली की हळहळ वाटते. तिथे ‘ताजा खवा, वाशी (जि. धाराशिव)’ असं लिहिलं की नवी मुंबईचा प्रश्न मिटला. पानाच्या पत्त्याबाबत एक व्यावहारिक सूचना: तो रोमन लिपीत आणि आखूड ठेवावा. देवनागरी पत्ता ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण व्हॉट्सअॅपवर पाठवला की बऱ्याचदा टक्क्यांची चिन्हं, अक्षरं आणि आकडे यांची लांबलचक माळ होऊन जातो, आणि असली माळ पाहून माणूस दाबायला कचरतो.

जिल्ह्याच्या नावाने यात आणखी एक वळण आणलं. सप्टेंबर 2023च्या अधिसूचनेने महसुली पातळीवर उस्मानाबादचं धाराशिव झालं. कार्यालयांच्या पाट्या बदलल्या, पण लोकांची बोटं इतक्या लवकर बदलत नाहीत. पुण्यात किंवा हैदराबादला गेलेला इथला माणूस सवयीने जुनं नाव टाइप करतो, आजचा शाळकरी मुलगा नवं. वेबसाइटवर अभिमानाने फक्त नवं नाव ठेवणारा जुन्याने शोधणाऱ्याला गमावतो, आणि आळसाने जुनंच ठेवणाऱ्याचं उलट होतं. ‘धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद)’ असं एकदा स्वच्छ लिहावं. राजकारण ज्याचं त्याने ठरवावं, शोधणाऱ्याची सोय दोन्हीत आहे. ज्यांनी वेबसाइटचा पत्ताच बदलला त्यांनी जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळण लावून द्यावं. तांत्रिक भाषेत त्याला 301 म्हणतात आणि वेबसाइट करणाऱ्याला ते मिनिटांचं काम आहे. ते केलं नाही तर जुन्या पानाने कमावलेली पत बरीचशी वाया जाते.

तालुक्याच्या गावातली खरी अडचण मात्र याहून साधी आहे. मजकूर असतो, पण तो चित्रात अडकलेला असतो. डीटीपीवाल्याकडे हँडबिल होतं, त्याची जेपीईजी व्हॉट्सअॅपवर फिरते, तीच फेसबुकवर आणि तीच वेबसाइटवर चढते. चित्रातली अक्षरं यंत्र आता थोडीफार ओळखतं, पण लिहिलेल्या मजकुराइतका भरवसा त्यावर नाही. दुसरा घोळ फॉन्टचा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरांचा काला असतो. तो तसाच वेबसाइटवर चिकटवला तर शोधयंत्राला त्यात एकही मराठी शब्द सापडत नाही. युनिकोडमध्ये रूपांतर करून घेणं, आणि मग जोडाक्षरं व रफार एकदा डोळ्यांखालून घालणं, याला पर्याय नाही. हे काम कंटाळवाणं आहे, पण कुठल्याही महागड्या ‘पॅकेज’पेक्षा याने जास्त फरक पडतो.

आता मजकूर काय असावा याकडे येऊ. खव्याचंच उदाहरण घेऊ, कारण हा खव्याचा मुलूख आहे. शेजारच्या भूम तालुक्यातलं कुंथलगिरी हे दिगंबर जैनांचं सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955मध्ये तिथेच सल्लेखना घेतली, त्यामुळे देशभरातून भाविक येतात. त्या परिसराच्या खव्याला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. वाशीच्या एखाद्या व्यापाऱ्याने पान लिहायला घेतलं तर तो बहुधा ‘खवा हा भारतीय मिठाईचा अविभाज्य घटक आहे’ इथून सुरू करील. हे वाक्य लाखभर पानांवर आहे. ते वाचायला कुणी येत नाही आणि यंत्रालाही त्याची गरज उरलेली नाही.

त्याऐवजी गिऱ्हाईक फोनवर काय विचारतं ते आठवावं. म्हशीचा की गाईचा? किलोला दूध किती लागतं? उन्हाळ्यात मुंबईपर्यंत टिकेल का? फ्रिजरमध्ये किती दिवस? पेढ्याला कुठला, गुलाबजामला कुठला? भेसळ कशी ओळखायची? यातला प्रत्येक प्रश्न म्हणजे एक परिच्छेद आहे, काही प्रश्न तर स्वतंत्र पान आहेत. चार-पाच लिटर दुधाचा किलोभर खवा होतो, दूध म्हशीचं असलं तर जरा कमी लागतं, हे भट्टीवर बसणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. शहरातल्या गिऱ्हाइकाला ते ठाऊक नसतं, आणि कळलं की भावाची घासाघीस निम्म्याने कमी होते. पिठाच्या भेसळीची चाचणी घरी होते. थोडा खवा पाण्यात उकळून, पूर्ण गार करून त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकायचे. निळं झालं तर स्टार्च मिसळलेला आहे. ही चाचणी स्वतःच्या भट्टीवर करून, स्वतःच्या खव्याचे दोन फोटो टाकून ज्याने दाखवली, त्याच्या पानाची कुणीही नक्कल करू शकत नाही. गूगलने आपल्या गुणवत्तेच्या मार्गदर्शिकेत डिसेंबर 2022मध्ये ‘अनुभव’ हा निकष जोडला, तो असल्याच लेखनासाठी. मानांकनाचा उल्लेख करायचा तर आधी त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी. तो शिक्का केवळ जाहिरातीचा शब्द नाही, त्यामागे कायदा आहे.

भाषाही तीच असावी, जी विचारणारा वापरतो. 2017मध्ये गूगलची बोलून टाइप करण्याची सोय मराठीत आली, तेव्हापासून लोक तुटक शब्दांऐवजी अख्खा प्रश्न विचारू लागले आहेत: ‘वाशीला चांगला खवा कुठं मिळतो?’ पानावरचं उपशीर्षक असंच प्रश्नाच्या रूपात ठेवलं आणि लगेच खाली दोन वाक्यांत उत्तर दिलं, तर वाचणाऱ्याचं आणि यंत्राचं दोघांचंही काम होतं. कुंथलगिरीला कुणी कुंतलगिरी लिहितं. हे दुसरं रूप मजकुरात एकदा सहज येऊन जाऊ द्यावं. एकदाच. ‘वाशीतील सर्वोत्तम खवा हवा असेल तर वाशीतील खवा विक्रेत्यांमध्ये वाशीचा खवा’ अशी वाक्यं लिहिणाऱ्यांचा एक काळ होता. पानाच्या आत लपवलेली शब्दांची यादी क्रमवारीसाठी आपण बघतच नाही, हे गूगलने 2009मध्येच जाहीर केलं. 2011च्या पांडा आणि 2012च्या पेंग्विन या बदलांनी पोकळ मजकूर आणि विकतचे दुवे यांवर टाच आणली. तरीही ‘महिन्याभरात पहिल्या पानावर, गॅरंटीने’ असे फोन येतात. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतः लिहून देतं. फोन ठेवून द्यावा.

दुवे मिळवायचे ते ओळखीच्या जागी. कुंथलगिरीच्या यात्रेवर लिहिणारी वेबसाइट, जिल्ह्याची बातमीपत्रं, आपल्याकडून माल घेणारा पुण्याचा मिठाईवाला. मराठी विकिपीडियावर जाऊन आपल्या दुकानाचा दुवा चिकटवू नये. तिथले संपादक तो काढतात, आणि विकिपीडियावरच्या बाहेरच्या दुव्यांना क्रमवारीचं वजन देऊ नये अशी खूण 2007पासूनच लावलेली असते.

वाशी तालुक्यातच सोलापूर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावर तेरखेडा आहे, फटाक्यांसाठी नावाजलेलं. इथे प्रसिद्धीचं गणित वेगळं होतं. 23 ऑक्टोबर 2018च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ई-कॉमर्स संकेतस्थळांना फटाक्यांच्या ऑर्डर घ्यायला मनाई केली. म्हणजे वेबसाइटवर ‘विकत घ्या’ हे बटण ठेवायचं नाही. पण दुकान कुठे, किती वाजेपर्यंत उघडं, परवाना क्रमांक काय, कुठले फटाके मिळतात, गाडीतून नेताना काय काळजी घ्यायची, हे सांगता येतं. दिवाळीच्या तोंडावर भरघोस सवलतीच्या खोट्या वेबसाइटी पैसे घेऊन गायब होतात. त्या गर्दीत ‘आम्ही ऑनलाइन ऑर्डर घेत नाही, आगाऊ पैसे मागत नाही, दुकानावर या’ असं ठळक लिहिणाऱ्या पानावर विश्वास बसतो. वेळही पाळावी लागते. नवं पान सूचीत येऊन स्थिरावायला आठवडे, कधी महिने लागतात. दसऱ्याला लिहिलेलं पान दिवाळीला उपयोगी पडेलच असं नाही, ते श्रावणात तयार हवं. आणि दरवर्षी नवं पान काढण्यापेक्षा त्याच पत्त्यावरचं पान अद्ययावत केलं तर मागच्या वर्षीची कमाई टिकते.

ऑगस्ट 2024पासून गूगल भारतात इंग्रजी आणि हिंदी शोधांवर यंत्राने तयार केलेला सारांश सगळ्यात वर दाखवू लागलं. ‘खवा कसा करतात’ याचं उत्तर तिथेच मिळालं तर आपल्या पानापर्यंत कुणी येणार नाही, ही भीती खरी आहे. सर्वसाधारण माहितीची पानं यात मार खातील असं मला वाटतं, आणि त्याचं फार दुःख करू नये. मात्र आजचा भाव, आजचा साठा, भट्टीवर यायचा रस्ता, फोन उचलणाऱ्या माणसाची वेळ हे सारांशालाही कुठून तरी घ्यावंच लागतं. त्यासाठी गूगलवरची दुकानाची मोफत नोंद आधी भरावी. नकाशावरची खूण नेमक्या जागी, सणाच्या दिवसांच्या वेळा, खरे फोटो. वेबसाइट त्यानंतर.

वेबसाइट झालीच तर तिला गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या फुकट साधनाशी जोडून ठेवावं. लोक नेमके काय टाइप करून आपल्यापर्यंत आले, त्या शब्दांची यादी तिथे मिळते. पहिल्या तीन महिन्यांत त्या यादीत ‘वाशी ते सीएसएमटी लोकल’ दिसलं तर शीर्षकात जिल्ह्याचं नाव आहे ना, हे पुन्हा पाहावं.