तलंगेला टोचलंय? आधी वेगळी करा

तायांनो, अंड्यावर यायला आलेली तलंग कोपऱ्यात अंग चोरून बसली असेल, तर पिसं बाजूला करून तिची पाठ आणि शेपटीचं बूड बघा. रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्याही तिथंच टोचत राहतात, दिवसभरात जखम खोल होते. म्हणून औषधाच्या आधी तिला वेगळी करा. डालग्याखाली ठेवा, पण इतर कोंबड्या तिला दिसू द्या. फार दिवस नजरेआड राहिली तर परत आल्यावर तिला परकी समजून मारतात.

ग्लासभर उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून जखम धुवा, मग बीटाडीन लावा. रॉकेल नको! (बैठकीत कुणीतरी सांगतंच.) माश्या बसून अळ्या पडतात, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ जखम बघा. आतलं मांस दिसत असेल किंवा तिनं दाणा सोडला असेल, तर थेट जनावरांच्या दवाखान्यात न्या.

खपली पडून पिसं आली की अंधार पडल्यावर खुराड्यात सोडा. दाणा-पाणी दोन ठिकाणी ठेवा. तरीही तीच कोंबडी टोचायला लागली, तर आता तिला चार दिवस डालग्याखाली घाला.