पत्रिका, नाणं आणि नल हायपोथिसिस

बदलापूर लोकलने अंबरनाथ-उल्हासनगर करताना डब्यात चिकटवलेली ती स्टिकर्स आपण सगळेच वाचतो. "नोकरी, लग्न, परीक्षा, १०० टक्के गॅरंटी!" हॉस्टेलवर यावर वाद पेटला की एक जण म्हणतो, सगळं थोतांड. दुसरा म्हणतो, माझ्या मामांचं अगदी खरं निघालं! हा वाद सोडवायची पद्धत आपल्या मॅथ्सच्या पुस्तकातच आहे: हायपोथिसिस टेस्टिंग. आपण ते मार्कांसाठी पाठ करतो, पण पुण्यात ते खरोखर वापरलं गेलं.

२००८ साली डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंनिसचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी ही चाचणी घेतली. १०० हुशार आणि १०० बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या जन्मवेळांवरून २०० पत्रिका तयार केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० दिल्या. कुठली पत्रिका कुठल्या गटातली, एवढंच सांगायचं. ५१ ज्योतिषांनी पत्रिका मागवल्या, उत्तरं २७ जणांची आली.

आता गंमत पाहा. सुरुवात उलट्या बाजूने करायची. ज्योतिषाला काहीच कळत नाही, तो नाणं उडवल्यासारखं उत्तर देतो, असं धरून चालायचं. हाच नल हायपोथिसिस, म्हणजे शून्य गृहीतक. असं का? तर नाण्याचं गणित आपल्याला करता येतं. ४० वेळा उडवलं तर सरासरी २० बरोबर, स्टँडर्ड डेव्हिएशन १० चं वर्गमूळ, म्हणजे ३.१६. त्यामुळे १७ ते २३ हे रोजचंच.

दुसरी पायरी म्हणजे निकाल बघण्याआधी रेषा आखायची. इथे ती होती २८. नुसत्या नशिबाने २८ किंवा जास्त मिळण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. रेषा आधी आखली नाही, तर नंतर २४ वालाही "६० टक्के!" म्हणून मिरवणार.

निकाल काय लागला? सरासरी १८.४. सर्वांत जास्त २४, तेही एकालाच. नुसत्या नाण्यालाही २४ किंवा जास्त शंभरात साधारण १३ वेळा मिळतात. म्हणजे २७ नाण्यांत तिघा-चौघांना मिळायला हरकत नाही! एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका तपासल्या. बरोबर आल्या १०२. नाण्याला १०० आल्या असत्या.

पण सावकाश! याने "ज्योतिष खोटं" हे सिद्ध होत नाही. पत्रिकेवरून बुद्धी कळते, या एका दाव्याला पुरावा मिळाला नाही, इतकंच. अगदी बारीक, समजा ५२ टक्क्यांची कुवत असती, तर ती ४० पत्रिकांत सापडलीही नसती. उलट शंभर जणांनी नाणी उडवली, तर एखादा नशिबाने २८ गाठूही शकतो. मग मामांचं काय? ज्यांचं खरं निघालं नाही ते मामा कोणी मोजलेच नाहीत!

पत्रिका जुळली नाही म्हणून आपल्याकडे ठरत आलेली लग्नं मोडतात, म्हणून हा नुसता मार्कांचा प्रश्न नाही. दाभोलकरांचा २०१३ मध्ये खून झाला, नारळीकर सर २०२५ मध्ये गेले. पण त्यांची रीत आपल्या हातात आहे. स्टिकर असो की क्लासची "१०० टक्के रिझल्ट" वाली जाहिरात, दोनच प्रश्न विचारा: कितीपैकी किती? आणि नाण्याला किती मिळाले असते?